आनंद झाला, आणि लाज वाटली

शास्त्रपाठाच्या एका संध्याकाळी, शेवटची प्रार्थना सुरू होण्याआधी, नेहमीप्रमाणे विचारणा झाली की कोणाला उपकारस्तुतीसाठी काही सांगायचे आहे का. मागच्या ओळीतून एक बाई उभ्या राहिल्या. त्यांचा तरुण मुलगा जाऊन अजून वर्षही झाले नव्हते. हातातले शास्त्र त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरले होते आणि आवाज इतका बारीक होता की पुढच्या ओळीतल्या माणसांना मान वळवावी लागली. त्या म्हणाल्या, "काल पहाटे प्रार्थना करताना मला आनंद झाला. कशाचा ते सांगता येणार नाही. आतून एकदम भरून आले. आणि मग मला फार लाज वाटली. मुलगा गेला आहे, आणि आईला आनंद कसा काय होतो?" क्षणभर कोणी बोलले नाही. मग कोणीतरी मोठ्याने "प्रभूची स्तुती असो" म्हणाले, दोन-चार जणांनी "आमेन" म्हटले, आणि प्रार्थनेला सुरुवात झाली. बाई खाली बसल्या. त्यांनी प्रश्न विचारला होता आणि त्यांना मिळाले होते अभिनंदन. त्यांच्या चेहऱ्यावरची ती गोंधळलेली विनयशीलता मला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिली.

स्तुती करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. शोकात असलेल्या माणसाच्या तोंडून आनंद हा शब्द ऐकला की विश्वासणाऱ्यांना हायसे वाटते, कारण त्या एका शब्दाने आपल्या सगळ्यांच्या श्रद्धेवर शिक्कामोर्तब झाल्यासारखे होते. पण त्या बाईंनी आनंदासोबत लाजही आणली होती, आणि आम्ही फक्त आनंद घेतला. लाज त्यांना एकटीलाच घरी परत न्यावी लागली. मला वाटते, ख्रिस्ती आनंदाविषयी आपण जे बोलतो त्यातले बरेचसे असेच अर्धे असते. उपासनेच्या दारात सगळे हसून हात मिळवतात, "कसे आहात?" या प्रश्नाला "प्रभूच्या कृपेने आनंदात" हे उत्तर ठरलेले असते, आणि ज्याला त्या दिवशी तसे म्हणता येत नाही तो हळूहळू मागच्या बाकावर, आणि मग दाराबाहेर जातो. त्याला वाटते की आनंद नाही म्हणजे विश्वासच नाही.

ही शंका नवी नाही, आणि ती लहान माणसांनाच येते असेही नाही. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरची मार्टिन लूथरची प्रस्तावना वाचली जात असताना मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याला आपले अंतःकरण विलक्षण उबदार झाल्यासारखे वाटले. मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा ती इथेच थांबते. त्याच्या रोजनिशीतले थोडे पुढचे वाक्य मात्र मला अधिक मोलाचे वाटते. थोड्याच वेळात त्याच्या मनात शत्रूने कुजबूज केली, की हा विश्वास असूच शकत नाही, असता तर तुझा आनंद कुठे आहे? म्हणजे ज्या रात्री अंतःकरण उबदार झाले, त्याच रात्री आनंद नसल्याची टोचणीही लागली. वेस्लीला त्यातून एवढे उमगले की शांती आणि पापावरचा जय हे विश्वासाच्या गाभ्याचे आहेत, पण सुरुवातीला उचंबळून येणारा हर्ष देव कधी देतो आणि कधी राखून ठेवतो. तो त्याच्या इच्छेचा भाग आहे. एवढ्या मोठ्या जागृतीच्या आरंभी हा कबुलीजबाब आहे, याचा मला फार आधार वाटतो.

त्या संध्याकाळनंतर मी प्रेषित पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र पुन्हा वाचायला घेतले. आनंदाचे पत्र म्हणूनच आपल्याकडे त्याची ओळख आहे. पौल बंदिवासात आहे, खटल्याचा निकाल जीवन किंवा मरण यांपैकी काहीही लागू शकतो, आणि तरी चार छोट्या अध्यायांत तो आनंद आणि आनंद करणे यांचा उच्चार सोळा वेळा करतो. लहानपणी हे पत्र ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे साखळदंड घालूनही हसणारा एक माणूस उभा राहत असे, आणि त्याची मला थोडी भीतीच वाटे. आता वाचताना मला वेगळा माणूस भेटला. आपला सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला म्हणून तो देवाची दया मानतो, नाहीतर आपल्याला दुःखावर दुःख झाले असते, असे सरळ लिहितो. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडे, ख्रिस्ताच्या वधस्तंभाचे वैरी होऊन चालणाऱ्यांविषयी तो म्हणतो की हे मी आता रडत सांगत आहे. ज्या पत्रात सर्वांत अधिक आनंद आहे त्याच पत्रात लिहिणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि ते पुसून मग पुढचा अध्याय लिहावा असे त्याला वाटलेले दिसत नाही. पुढच्याच अध्यायात युवदिया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांचे भांडण येते; पौल त्यांना नावे घेऊन एकचित्त होण्याची विनवणी करतो आणि लगेच लिहितो, "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा; पुन्हा म्हणेन, आनंद करा." इतक्या वेळा कॅलेंडरांवर आणि भिंतींवर पाहिलेले हे वचन एका न मिटलेल्या तंट्याच्या इतके जवळ आहे, हे मी कधी थांबून पाहिले नव्हते.

'पुन्हा म्हणेन' या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. एकदा सांगून भागणार नाही, हे त्याला माहीत होते.

पण आज्ञा दिली म्हणून माणसाला आनंद होत नाही. इथे मला अंतरंगातल्या पालटाचा विचार करावा लागतो, आणि तो करताना पंडिता रमाबाई आठवतात. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेली, मग भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होण्याआधी पतीही गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. शास्त्रार्थात भल्याभल्यांना निरुत्तर करणारी ही स्त्री. तिचा निर्णय उथळ असणे शक्यच नव्हते. आणि तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. हे वाक्य लिहायला किती धैर्य लागले असेल! धर्मांतरासाठी त्यांनी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला होता, आणि ज्यांच्याकडे त्या गेल्या होत्या त्यांच्याशीही मतांवरून झगडल्या होत्या. त्या आठ वर्षांत त्यांनी प्रवास केला, व्याख्याने दिली, विधवांसाठी शारदासदन उभे केले. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कमी दिसले नसते. आतले मात्र अजून व्हायचे होते, आणि ते विद्वत्तेच्या किंवा कर्तृत्वाच्या जोरावर होणारे नव्हते. रात्री येशूकडे आलेल्या निकदेमालाही नेमके हेच ऐकावे लागले होते. तोही इस्राएलाचा गुरू होता, आणि त्याला सांगितले गेले की नव्याने जन्मल्यावाचून देवाचे राज्य दिसणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानात त्या रात्री निकदेमाचे काय झाले ते सांगितलेलेच नाही. तो पुन्हा दिसतो तो आधी सभेत येशूच्या बाजूने एखादा शब्द बोलताना, आणि मग थेट त्याच्या दफनाच्या वेळी गंधरस व अगरू घेऊन आलेला. नवा जन्म झाला असेल तर तो या दोन प्रसंगांच्या मधल्या, न लिहिलेल्या दिवसांत कधीतरी झाला असावा.

असे न लिहिलेले दिवस ओळखायचे कसे, याविषयी मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट एका जखमी सैनिकाची आहे. १५२१ च्या मे महिन्यात पाम्पलोना येथील लढाईत तोफेचा गोळा लागून इग्नेशियस लोयोला याचा पाय मोडला. अंथरुणावर पडून असताना त्याने शौर्यकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा त्याच्या हाती आल्या. तो तासन्‌तास स्वप्ने रंगवत असे, कधी एका थोर स्त्रीसाठी करायच्या पराक्रमांची, तर कधी संतांप्रमाणे सर्व सोडून निघून जाण्याची. दोन्ही स्वप्ने पाहताना सुखच वाटे. फरक नंतर जाणवे. पराक्रमाची स्वप्ने ओसरली की मन कोरडे आणि असमाधानी होई. दुसरी ओसरल्यावरही आत प्रसन्नता मागे उरे. एके दिवशी हा फरक त्याच्या लक्षात आला आणि तो आश्चर्याने त्याकडे पाहू लागला. पुढे त्याने जेझुइट संघ आणि जे सगळे उभे केले त्याचे मूळ या निरीक्षणात आहे. आनंद होत असताना तो कशाचा आहे हे कळत नाही; तो गेल्यावर मागे काय उरते त्यावरून कळते. हे वाचल्यापासून मी उपासनेतल्या भारावलेल्या क्षणांवर फार विसंबत नाही. गाणे टिपेला पोहोचते, हात उंचावतात, डोळे भरतात, आणि ते खोटे असते असे मी मुळीच म्हणणार नाही. पण सोमवारी दुपारी, कोणी चिडून बोलल्यानंतर, त्यातले काय उरले आहे, हा प्रश्न मला अधिक सत्याजवळचा वाटतो.

माझ्या बाबतीत हा पालट मला ज्या ठिकाणी दिसला ते ठिकाण मी निवडले नसते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाशी अनेक वर्षांचा दुरावा होता. कारण आता सांगण्यासारखे नाही. अशा कारणांचे जे होते तेच झाले होते, मूळ गोष्ट झिजून गेली आणि अढी तेवढी टणक झाली. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करत असे, कारण तशी आज्ञा आहे, आणि ती प्रार्थना मी शक्य तितकी लवकर उरकत असे. मग एक दिवस कोणीतरी सहज बोलता बोलता सांगितले की त्यांच्या मुलीचे मोठे आजारपण सरले, ती आता चालू-फिरू लागली आहे. ऐकताक्षणी मला आनंद झाला. मी ठरवून आणलेला, कर्तव्य म्हणून बोललेला आनंद नव्हे. मन सावध होण्याआधीच तो येऊन बसला होता. 'यांच्या घरी चांगले झाले' याची सवयीची बोच शोधायला मन मागे वळले, आणि ती तिथे नव्हती. मी घाबरलेच. इतकी वर्षे जपलेली गोष्ट कोणी नकळत घरातून काढून नेली असावी तसे वाटले, आणि मग त्या मोकळ्या जागेत कितीतरी वेळ मला नीट श्वास घेता येत होता.

पवित्र आत्म्याच्या फळांची यादी गलतीकरांस पत्रात आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढची सगळी. तिथे 'फळ' हा शब्द एकवचनी आहे आणि आनंद प्रीतीच्या लगेच शेजारी आहे, हे मला त्या दिवसापासून सोडवत नाही. आनंद वेगळा मागायला गेले की तो हाती लागत नव्हता. अढीवर ज्या मुकाट्याने काम चालू होते, त्याच्या सोबत तो आला. ते काम मी केले असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. मी फक्त ती उरकलेली, रुक्ष प्रार्थना सोडून दिली नव्हती.

लूकाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायाकडे मी तेव्हापासून वेगळ्या बाजूने पाहते. हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे, हरवलेला मुलगा. तिन्ही दाखल्यांत सापडण्याचा शेवट आनंदात होतो, आणि तिन्ही ठिकाणी तो आनंद एकट्याचा राहत नाही. मेंढपाळ शेजाऱ्यांना बोलावतो, ती स्त्री मैत्रिणींना बोलावते, बाप सगळ्या घराला बोलावतो. फक्त थोरला मुलगा आत येत नाही. त्याची तक्रार नीट ऐकली तर त्यात एक करुण गोष्ट आहे. तो म्हणतो, मित्रांबरोबर आनंद करायला तुम्ही मला कधी करडूही दिले नाही. इतकी वर्षे तो बापाच्या घरात राबला आणि त्याच्या मनातला उत्सव मात्र मित्रांबरोबरचा, बापाशिवायचा होता. दूर देशी गेलेल्या धाकट्यालाही तेच हवे होते. थोरल्याला ते शेतावर राहून हवे होते, एवढेच. आतून वाद्ये आणि नाचण्याचा आवाज येत असताना तो चाकराला बाहेर बोलावून विचारतो की हे काय चालले आहे. कोणाच्या तरी भल्याचा आवाज ऐकून ज्याला चौकशी करावी लागते, त्याच्या दुःखाला आपण फार कमी प्रवचने देतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, त्याची समजूत घालतो, माझे जे आहे ते सर्व तुझेच आहे असे म्हणतो, आणि दाखला तिथे तुटतो. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितले नाही. मला वाटते, आध्यात्मिक पालट म्हणजे काय हे विचारणाऱ्याला या उंबरठ्यावर उभे करावे. पापाची लाज वाटणे हा पालटाचा आरंभ खरा. पण दुसऱ्यावर झालेल्या कृपेचा आनंद होणे, आणि तोही ज्याच्यावर ती होऊ नये असे आपल्याला मनापासून वाटत होते त्याच्यावर झालेल्या कृपेचा, हे त्याहून खोलवरचे काम आहे.

हे एकदा झाले की कायमचे झाले, असेही नाही. ब्लेझ पास्कल या गणितज्ञाला २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री, साडेदहापासून साडेबारापर्यंत, देवाच्या सान्निध्याचा असा अनुभव आला की त्याने एका कागदावर तुटक शब्दांत तो टिपून ठेवला. वर 'अग्नी' असा शब्द आहे. खाली 'आनंद, आनंद, आनंद, आनंदाश्रू'. आणि त्याच कागदावर, त्या आनंदाला अगदी लागून, 'मी त्याच्यापासून दुरावलो' हे शब्द आले आहेत, पुन्हा आले आहेत, आणि पुन्हा कधी दुरावू नये अशी विनवणी आहे. याविषयी तो कोणाशी बोलला नाही. १६६२ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो वारल्यावर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला तो मजकूर नोकराला सापडला. मधली वर्षे आजारपणाची होती. ज्याने गणितात इतके निःसंशय सिद्धान्त मांडले त्याला हा एक अनुभव अंगाशी शिवून ठेवावासा वाटला, कारण तो आपल्या स्मरणातूनही निसटू शकतो हे त्याने ओळखले असावे. आणि काहींच्या वाट्याला तर असा कागदही येत नाही. मदर तेरेसा यांची पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना आत अंधारच जाणवत होता. ज्यांना त्या भेटल्या ते त्यांच्या हसऱ्या चेहऱ्याविषयी सांगत. ते हसू खोटे होते असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ निघाले. मला तसे म्हणवत नाही. स्वतःला न जाणवणारा आनंद दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ शकतो, हे मला समजत नाही, पण मरणपंथाला लागलेल्या ज्या माणसांचे हात त्यांनी धरले त्यांच्या बाजूने पाहिले तर नाकारताही येत नाही.

त्या मुलगा गमावलेल्या बाईंशी माझे नंतर बोलणे झाले. मी त्यांना फिलिप्पैकरांस पत्रातली ती रडत लिहिलेली ओळ दाखवली, आणि लाजराच्या कबरेपाशी येशू रडला तेही आठवून दिले. काही क्षणांत त्याला उठवायचे आहे हे ठाऊक असूनही तो रडला. त्यांनी ते शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, "ताई, मला लाज का वाटली ते आता कळते. मला वाटले होते, दुःख आहे तोवर मुलगा जवळ आहे. आनंद झाला म्हणजे मी त्याला सोडले." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "पण त्या पहाटे तो लांब गेल्यासारखा वाटला नाही. उलट मी कितीतरी दिवसांनी त्याचे नाव न रडता घेतले. आणि दुपारी पुन्हा रडले." मी त्यावर काही बोलले नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांना सांगितले होते की तुम्हाला आता दुःख आहे, पण मी तुम्हाला पुन्हा भेटेन आणि तुमचा आनंद तुमच्यापासून कोणी काढून घेणार नाही. 'आता दुःख आहे' हे त्याने आधी मान्य केले होते. त्या बाईंची पहाट आणि दुपार या एकाच वाक्यात मावत होती, आणि त्यांना ते माझ्याआधी कळले होते.

नाताळाआधीच्या आगमनकाळात चार रविवार असतात. त्यांतल्या तिसऱ्या रविवारी अनेक मंडळ्यांमध्ये जांभळ्या मेणबत्त्यांमधली एकच गुलाबी मेणबत्ती लावतात, आणि त्या दिवसाला नावच 'आनंद करा' या पौलाच्या शब्दांवरून मिळालेले आहे. हा काळ पश्चात्तापाचा, वाट पाहण्याचा. त्याच्या मधोमध, वाट पाहणे संपलेले नसताना, हा रविवार येतो. त्या दिवशीच्या उपासनेत फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाचे वाचन होते. या वेळी ते मला करू द्यावे, अशी विनंती मी पाळकांना केली आहे. मात्र वाचन चौथ्या वचनापासून सुरू न करता दुसऱ्यापासून करावे, म्हणजे युवदिया आणि सुंतुखे यांची नावेही मंडळीला ऐकू येतील, असे मी सुचवले, आणि त्यांनी ते मान्य केले आहे.